येडाबाई

कळंब, वाशी भागात आमच्या आज्यांच्या पिढीत येडाबाई हे नाव कुणाला खटकत नव्हतं. येरमाळ्याच्या डोंगरावरची येडेश्वरी, तिला आम्ही येडाई म्हणायचं. तिच्या नवसानं पोरगी झाली की तिला देवीचंच नाव.

नावाची कथा जुनी माणसं सांगत. सीतेला हुडकत राम बालाघाटाच्या रानोमाळ फिरत होता. पार्वती त्याची परीक्षा घ्यायला सीतेचं रूप घेऊन वाटेत उभी राहिली. रामानं लगेच ओळखलं. म्हणाला, ‘आई, येडी का गं तू?’ तीच येडाई. तुळजापूरकडं हीच कथा सांगताना राम ‘तू का आई?’ असं विचारतो, म्हणून तिथं ती तुकाई. खरंखोटं देवाला माहीत. पण ही ‘येडी’ म्हणजे लेकरानं आईला लाडानं म्हटलेली, एवढं आमच्याकडच्या बायाबापड्यांना पक्कं ठाऊक होतं. चैत्री पौर्णिमेला यात्रा भरते, दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडं निघते, तेव्हा त्या रानातली चुनखडी वेचायला लाखो माणसं उन्हात वाकतात. देवीचं नाव वेडाचं म्हणून कुणी लाजत नाही.

लाज आली ती शाळेच्या हजेरीत. माझ्या आत्याचं नाव घेतलं की बाहेरगावची पोरं फिदीफिदी हसायची. तिसरीतून तिचं नाव काढलं (कारण हे नव्हतं, धाकटा भाऊ सांभाळायचा होता). लग्नात सासरच्यांनी तांदळात नवं नाव लिहिलं, शोभा. माहेरी मात्र ती येडाच राहिली.

आता त्या नावाची पोरगी औषधालाही सापडत नाही. ट्रॅक्टरच्या, जीपच्या कपाळावर मात्र ‘येडेश्वरी प्रसन्न’ ठळक असतं.

आजोबा गेले, तेव्हा सातबाऱ्यावर वारस लागायची वेळ आली. आजोबांनी सांगितलेलं नाव येडाबाई, आत्याच्या आधारवर शोभा. दोन्ही बाया एकच, हे सिद्ध करा म्हणाले. भावकीतल्या एकानं सुचवलं, ‘कशाला खटाटोप? हक्कसोड करून टाक.’ आत्या काही बोलली नाही. तहसीलबाहेर टायपिंगवाल्याकडून बाँडवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं तिनं. जिल्ह्याला धाराशिव हे जुनं नाव २०२३ साली परत मिळालं, ही त्याच्या आधीची गोष्ट. कागदावर जिल्हा उस्मानाबादच होता. सही कुठल्या नावानं करू, असं तिनं विचारलं. दोन्ही चालतील, म्हणाला. तिसरीपर्यंत गिरवलेलं एकच नाव तिच्या हाताला येत होतं. हळूहळू, मात्रा नीट देत, तिनं येडाबाई लिहिलं.