नायिरा साक्ष: युद्धाआधी सांगितलेली ‘ती’ गोष्ट काय होती?

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. अमेरिकेने युद्धात उतरावं का, यावर तिथे जोरदार मतभेद होते.

नेमकं काय घडलं?

१० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकी खासदारांच्या मानवाधिकार गटासमोर १५ वर्षांची ‘नायिरा’ रडत बोलली. इराकी सैनिकांनी रुग्णालयातल्या इन्क्युबेटरमधून बाळांना काढून थंड फरशीवर मरायला टाकलं, असं तिने सांगितलं. तिचं आडनाव लपवण्यात आलं. साक्ष शपथेवर नव्हती. तरीही ती टीव्हीवर झळकली, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने सुरुवातीला दुजोरा दिला आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ही कथा वारंवार सांगितली. १२ जानेवारी १९९१ रोजी सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी लष्करी कारवाईला मंजुरी दिली.

सत्य कधी समोर आलं?

युद्ध संपून दहा महिने उलटल्यावर. जानेवारी १९९२ मध्ये पत्रकार जॉन मॅकआर्थर यांनी उघड केलं की, नायिरा ही कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची मुलगी होती. या प्रचारामागे हिल अँड नोल्टन ही पीआर कंपनी होती आणि पैसा प्रामुख्याने कुवेत सरकारचा होता. बाळांच्या कथेला विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही. अ‍ॅम्नेस्टीनेही माघार घेतली.

म्हणजे अत्याचार झालेच नव्हते?

झाले होते. इराकी सैन्याने कुवेतमध्ये लोकांना मारलं, छळलं. पण खऱ्या अत्याचारांत एक खोटी गोष्ट मिसळली की खऱ्या पीडितांवरही संशय घेतला जातो.

म्हणून युद्धाचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी विचारा: बोलणारं कोण आहे? त्यांना पुढे कोणी आणलं? स्वतंत्र पुरावा आहे का?