सतरा दिवसांचा फोटो

कर्जतला गाडीला मागून घाट चढवणारी बँकर इंजिनं लागली, वडापावचा कागद तुम्ही चुरगाळून खिशात कोंबलात आणि तेवढ्यात रुग्णालयातून फोटो आला. ताईला मुलगी झाली. दुपट्यात गुंडाळलेली, डोळे घट्ट मिटलेले, मुठी आवळलेल्या. तीन एमबीचा हा ऐवज लंडनच्या दादाला लगेच धाडायचा. तुम्ही बाणावर अंगठा टेकवता आणि नेमका घाटातला पहिला बोगदा येतो. रेंज गेली. फोटोवर ते गोल चक्र गरगरत राहतं.

उजेड येतो तेव्हा डबा नसतो. साल १८७०, आणि तुम्ही मुंबईच्या तारघरात उभे आहात. याच वर्षी ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाचं अजस्र जहाज मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळाशी केबल अंथरत गेलं. आता इथली तार एडन, सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर, मग पोर्तुगालचा किनारा असं करत इंग्लंडच्या टोकाला पोर्थकर्नो गावी पोचते. पोचते म्हणजे ठेचकाळत पोचते, कारण ठाण्याठाण्यावर माणूस बसलाय. अंधाऱ्या खोलीत बारीकशा आरशावरून परावर्तित झालेला उजेडाचा ठिपका डावीकडे सरकला की एक खूण, उजवीकडे सरकला की दुसरी. एकजण ठिपक्यावर नजर खिळवून अक्षरं सांगतो, दुसरा उतरवून घेतो, मग तोच मजकूर पुढच्या केबलीवर नव्याने ठोकायचा.

तुम्ही कारकुनाला फोटो दाखवता. तो दचकत नाही, हिशेब मांडतो. सराईत हात मिनिटाला वीसेक शब्द ठोकतो, म्हणजे सेकंदाला दोन अक्षरं, तुमच्या काळातले जेमतेम १६ बिट. फोटोत आहेत २ कोटी ४० लाख. सतरा दिवस आणि सतरा रात्री, मध्ये न जेवता, न झोपता.

“आगबोटीच्या डाकेला तीन-चार आठवडे लागतात,” तो समजूत घालतो. “त्यापेक्षा लवकरच की!”

मग तुम्हीच माघार घेता आणि रोमन लिपीत लिहून देता: मुलगी झाली, दोघी सुखरूप. तो पहिल्या दोन शब्दांवर काट मारतो. ‘दोघी’ म्हटलं की मुलगी आलीच, उगाच पैसे कशाला? (पुढे स्वतंत्र भारतात शुभेच्छांच्या तारांना ठरलेले आकडे होते. तारेतून नुसता आकडा जायचा आणि पलीकडचं तारघर त्यावरून अख्खं वाक्य लिहून द्यायचं. आज ज्याला डेटा कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच, फक्त तेव्हा त्यावर कोणी डिग्री देत नव्हतं.)

पुढचे दोन बोगदे आखूड आहेत. एकातून बाहेर पडता तो १९२७ उजाडलेलं असतं. खडकीच्या उंच मनोऱ्यांवरून बिनतारी संदेश थेट इंग्लंडकडे झेपावतायत आणि तिकडून आलेले दौंडला झेलले जातायत. दुसऱ्यातून बाहेर येता ते १९७१ मध्ये, नारायणगावाजवळच्या आर्वीला. आकाशाकडे तोंड करून बसलेली अँटेना जवळपास ३० मीटर व्यासाची आहे, आणि भोवती ज्वारीची शेतं. इथून दादाशी बोलता येतं, पण तुमचं ‘हॅलो’ ३६ हजार किलोमीटर वर चढतं नि तितकंच खाली उतरतं. त्यात पाव सेकंद जातो, उत्तर यायला आणखी पाव. तुम्ही दोघं एकदम बोलता, एकदम थांबता, मग पुन्हा एकदम “हां, बोल बोल” म्हणता.

त्यापुढचा बोगदा लांबलचक. त्याच्या अंधारातच १५ ऑगस्ट १९९५ येऊन जातो. विदेश संचार निगमने सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा डायल-अपचा वेग होता ९.६ किलोबिट, तुमचा फोटो त्यातून सारला असता तर बेचाळीस मिनिटं. तुम्ही उतरता १९९९ मध्ये, गिरगावातल्या दोन खोल्यांत. फोनची वायर दारावरून, कपाटामागून ओढत पलंगाशेजारच्या टेबलापर्यंत आणलीय. फोटो स्टुडिओत स्कॅन करून आणलाय, पण ३ एमबी एका फ्लॉपीत मावत नाही आणि हॉटमेलची अख्खी पेटीच २ एमबीची. तो छाटत, पुसट करत तुम्ही ३०० केबीवर आणता आणि मोडेम सुरू करता.

डायल टोन. आकड्यांची टिवटिव. मग पलीकडून एक लांब, सरळ शिट्टी. २१०० हर्ट्झच्या या शिट्टीतून वाटेतल्या टेलिफोन यंत्रणेला निरोप जातो, की प्रतिध्वनी दाबायची सोय बंद करा, आता माणसं बोलणार नाहीत. मागोमाग ती खरखर, करकर, दोन्ही मोडेम लाइन चाचपून बघतायत, कुठल्या पट्टीत किती गोंगाट आहे ते. मोडेमच्या खोक्यावर ५६ किलोबिट छापलंय, पण ते नुसतं उतरताना, चढताना ३३.६. निळी पट्टी अर्ध्यावर येते न येते तोच बाहेरच्या खोलीत आजी पॅरलल फोन उचलते.

“अगं बाई, नुसती खरखर येतेय. फोन बिघडला वाटतं.”

कनेक्शन तुटलेलं असतं. पुन्हा शिट्टी, पुन्हा खरखर. या खेपेला तुम्ही आजीला शेजारी बसवून घेता, दोन मिनिटं तिचा हात हातात धरून. दुसऱ्या दिवशी दादाची मेल येते. फोटो त्याच्या पडद्यावर वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उलगडला: कपाळ, भुवया, पापण्या. नाकाशी येऊन थांबला तेव्हाच त्याने ठरवून टाकलं, नाक आईचं.

२००५ पळत जातं. नव्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिटला ‘ब्रॉडबँड’ म्हणून टाकलंय आणि काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट, म्हणून घरोघरी पावणेदोनचा गजर लागतोय. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबली तुटतात आणि इथली ऑफिसं हात चोळत बसतात. अलेक्झांड्रिया, पुन्हा तेच. सव्वाशेहून अधिक वर्षांत वाट बदललेलीच नाही, फक्त तांब्याच्या जागी काच आलीय.

मला तर वेग वाढला, हे म्हणणंच अर्धवट वाटतं. काचेतला प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, पण १८७० ची वीजही काही बैलगाडीने जात नव्हती. वेळ खाल्ला तो अरुंद वाटेने आणि ठाण्यावरच्या त्या हातांनी. पायवाटेवरून एकामागे एक जाणारी माणसं आता हमरस्त्यावरून खांद्याला खांदा लावून निघालीयत, एवढाच काय तो फरक.

खडखडाट मोकळा होतो. दरी, ढग, खंडाळ्याचा गार वारा. तुम्ही पुन्हा खिडकीशी, हातात तोच फोन. रेंजच्या दोन दांड्या येतात, चक्र नाहीसं होतं, फोटो गेला. दोन सेकंदही नाही लागले. लंडनला दुपारच्या जेवणाची वेळ, दादा जागाच आहे.

“नाक आईचं,” तो लिहितो. लगेच मागोमाग, “डोळे उघडलेला एक पाठव ना.”

तुम्ही ताईकडून आलेले फोटो चाळता. एकात डावा डोळा किलकिला आहे. तो निवडता, बाण दाबता, आणि डब्यातले दिवे पुन्हा पिवळे होतात. बोगदा.