वायपर घरी का जात नाही? माळशेज घाट आणि तांब्याच्या चकतीची गोष्ट

आजचा एपिसोड जुलैच्या पावसात गाडी चालवणाऱ्यांसाठी. नारायणगावचा टोमॅटो किंवा ओतूरचा कांदा घेऊन रात्री आळेफाट्यावरून माळशेज घाटात उतरणारे, श्रावणात घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाणारे, सगळे यात आले. घाटात ढग रस्त्यावर उतरलेले असतात, समोरून ट्रकचे दिवे येतात आणि वायपर बंद केला की तो बरोब्बर डोळ्यांसमोर, काचेच्या मधोमध उभा राहतो.

गॅरेजमध्ये याला "पार्किंग गेलं" म्हणतात. वायपर बंद केल्यावर काचेच्या तळाशी जाऊन झोपतो, ती त्याची पार्क जागा. आपल्या जुन्नरकरांना पार्क हा शब्द नवा नाही. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या अँटेनासुद्धा वारा फार वाढला की तोंड आकाशाकडे करून पार्क करतात. काम नसताना सुरक्षित जागी जाऊन थांबायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण वायपरला हे शिकायला बरीच वर्षं लागली, आणि तो इतिहास कळला की बिघाड शोधणंही सोपं होतं.

सुरुवात 1903 पासून करू. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या होत्या. हिवाळ्याचे दिवस. ट्रामच्या काचेवर बर्फ साचत होता आणि चालकाला काच उघडून बाहेर बघावं लागत होतं. त्यांनी आतून हाताने फिरवायच्या दांडीला रबरी पातं जोडलं आणि 10 नोव्हेंबर 1903 ला पेटंट मिळवलं. 1905 मध्ये कॅनडातल्या एका कंपनीने 'याला किंमत नाही' म्हणून ते नाकारलं. 1920 मध्ये पेटंटची मुदत संपली, बाईंना एक पैसा मिळाला नाही. त्यांच्या वायपरमध्ये पार्किंगचा प्रश्नच नव्हता, कारण दांडी चालकाच्या हातात होती. हात थांबला की वायपर थांबला.

पुढे वायपर इंजिनवर चालू लागला. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. त्या ओढीवर चालणारे व्हॅक्यूम वायपर अमेरिकेत अनेक दशकं टिकले. जुन्या विलीज जीपमध्येही तेच असायचे. महिंद्राने 1947 पासून आपल्याकडे ज्या जीप जोडायला घेतल्या, त्या याच घराण्यातल्या. यात एक गंमत होती, म्हणजे चालकासाठी गंमत नव्हतीच. चढावर पाय दाबून अ‍ॅक्सिलरेटर दिला की पोकळी कमी होते आणि वायपर मंदावतो. म्हणजे घाट चढताना, मुसळधार पावसात, नेमकी गरज असताना तो दम टाकणार!

बॉशने 1926 मध्ये विजेच्या मोटरवर चालणारा वायपर आणला. आता चढाचा प्रश्न मिटला, पण नवा उभा राहिला. साधं बटण असलं तर बंद केल्याक्षणी वीज तुटते आणि पातं असेल तिथे थांबतं. अशा गाड्यांत चालकाने नेम धरून, पातं खाली आल्यावर बटण बंद करायचं.

यावरचं उत्तर मला, एक सॉफ्टवेअरवाला म्हणून, फार आवडतं. मोटरच्या गिअरवरच तांब्याची एक चकती बसवली. चकतीला एका ठिकाणी खाच, आणि तिच्यावर टेकलेल्या दोन-तीन पत्र्याच्या पट्ट्या. तुम्ही बटण बंद करता तेव्हा मोटरची मुख्य वीज तुटते खरी, पण चकतीतून दुसऱ्या वाटेने वीज चालूच राहते. गिअर फिरत फिरत पार्क जागेवर आला की खाच पट्टीखाली येते आणि ही दुसरी वाटही तुटते. त्याच क्षणी चकती मोटरची ती वायर अर्थला जोडते. फिरती मोटर अर्थ झाली की जनरेटरसारखी वागते, स्वतःलाच ब्रेक लावते आणि जागच्या जागी थांबते.

थोडक्यात, बटण वायपरला थांबवत नाही. बटण फक्त "आता घरी जा" एवढंच सांगतं. घर आलं की नाही, हे चकती ठरवते. आजचा सगळा एपिसोड या एका वाक्यात आहे.

इतिहासातला शेवटचा माणूस रॉबर्ट कर्न्स. डेट्रॉइटचे इंजिनिअर. लग्नाच्या रात्री, 1953 मध्ये, शॅम्पेनचं बूच उडून त्यांच्या डाव्या डोळ्याला लागलं आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. वायपर पापणीसारखा मधून मधून का लवू नये, हा विचार त्यांनी केला. 1 डिसेंबर 1964 ला त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पुढे मोठ्या कंपन्यांनी असे वायपर बाजारात आणले आणि कर्न्स कोर्टात गेले. फोर्डकडून त्यांना 1 कोटी 2 लाख डॉलर मिळाले, क्रायसलरविरुद्धचा खटलाही त्यांनी जिंकला, पण आयुष्याची कित्येक वर्षं त्यात गेली.

आपल्या कामाचा मुद्दा असा, की आजच्या बहुतेक गाड्यांत थांबून-थांबून चालणारा वायपर त्याच चकतीवर उभा आहे. रिले मोटरला फक्त एक छोटा धक्का देतो, उरलेली फेरी चकती पूर्ण करते.

आता गॅरेजमध्ये येऊ. माझ्या मामांच्या पिकअपचा वायपर मागच्या पावसाळ्यात मध्येच थांबायला लागला. एका मेकॅनिकने सांगितलं, मोटर बदला. मामा म्हणाले, "अरे, स्लो चालतो, फास्ट चालतो, मग मोटर बदलायची कशाला?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्यावरून मी एक पद्धत बसवली, ती अशी.

पहिलं, वायपर कुठे थांबतो ते चार-पाच वेळा बघा. दर वेळी वेगळ्या जागी, म्हणजे बटण बंद कराल तिथेच थांबत असेल, तर "दुसरी वाट" तुटली आहे. थांबून-थांबून चालवायच्या सेटिंगवरही तो अर्धवट अडकत असेल तर खात्रीच समजा.

दुसरं, दर वेळी एकाच चुकीच्या जागी थांबत असेल तर वीज ठीक आहे, दोष लोखंडात आहे. एकच पातं चुकत असेल तर त्याचा नट ढिला किंवा दाते झिजलेले. दोन्ही सारखीच चुकत असतील तर कुणीतरी मोटर पार्कला नसताना दांडी बसवली आहे. पाती काढा, वायपर चालू करून बंद करा, मोटरला घरी जाऊ द्या, मग पाती तळाशी ठेवून नट आवळा.

तिसरं, बंद केल्यावर वायपर थांबतच नसेल, किंवा घरी पोचून परत उठत असेल, तर एकतर रिले चिकटला आहे किंवा चकतीचा अर्थ नीट लागत नाही.

पहिल्या प्रकारात टेस्ट लॅम्प घ्या. अनेक गाड्यांच्या मोटरवर जर्मन पद्धतीचे आकडे असतात: 53 स्लो, 53बी फास्ट, 53ए पार्कची वीज, 53ई चकतीतून परत जाणारी, 31 अर्थ. इग्निशन चालू, वायपर बंद, पातं मध्ये अडकलेलं. 53ए वर दिवा लागायलाच हवा. नाही लागला तर फ्यूज आणि वायर बघा. लागला, पण 53ई वर नाही, तर चकती किंवा पट्टी काळी पडली आहे. दोन्हीकडे लागला तर मोटर निर्दोष, दोष स्टिअरिंगजवळच्या स्विचमध्ये किंवा रिलेमध्ये.

मामांच्या गाडीत 53ई वर अंधार होता. गिअरचं झाकण उघडलं तर पट्टीवर हिरवट थर. बारीक पॉलिश पेपर, थोडं ग्रीस, आणि काम झालं. मोटर तीच आहे.

दोन सूचना. लिंकेजमध्ये हात घालण्याआधी फ्यूज काढा, कारण ही मोटर बोट सोडत नाही. आणि नव्या गाड्यांत कंट्रोल युनिट असेल तर गाडीचा वायरिंग डायग्राम बघितल्याशिवाय वायरींना हात लावू नका.

पावसाळ्याआधी, उन्हातच, एकदा काच ओली करून वायपर चार वेळा चालू-बंद करून बघा. माळशेजच्या वळणावर ही तपासणी करायची वेळ येऊ नये. घाटातून उतरणाऱ्या कुणा मित्राला हा एपिसोड पाठवा. भेटूच पुढच्या भागात!