नॅन्सी हँक्सचे माहेर

अब्राहम लिंकनच्या आईचे, नॅन्सी हँक्सचे, कूळ शोधताना एक मत सर्रास मांडले जाते. सरहद्दीवरच्या शेतकरी बाईचा माग कागदात उरत नाही, लग्नानंतर आडनावही बदलते. तेव्हा बापाचे मृत्युपत्र, आज्याची जमीन अशा पुरुषांच्या दप्तरांतूनच तिच्यापर्यंत पोचावे. मत पोक्त वाटते खरे, पण संशोधक भरकटले ते याच वाटेने.

1899 मध्ये कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी केंटकीतल्या जोसेफ हँक्सचे 1793 चे मृत्युपत्र पुढे केले. त्यात नॅन्सी नावाच्या मुलीला एक कालवड दिलेली आहे. झाले, नॅन्सी ही जोसेफची औरस कन्या ठरली! त्याआधी, 1889 मध्ये, हर्नडनच्या लिंकनचरित्रात खुद्द लिंकनचे बोलणे छापून आले होते: आई ही ल्यूसी हँक्स आणि व्हर्जिनियातल्या कुणा खानदानी जमीनदाराची अनौरस मुलगी. ज्यांना ते टोचत होते, त्यांना ही कालवड कामधेनूच वाटली असणार.

पण हँक्स घराण्यात नॅन्सी एकच नव्हती. मृत्युपत्रातली नॅन्सी ही ल्यूसीची बहीण, लिंकनच्या आईची मावशी. डेनिस हँक्सची आई आणि पुढे लेव्ही हॉलची बायको. विल्यम बार्टन यांनी कागदांची छाननी करून हा घोळ उघड केला. मग प्रतिपक्षाने दुसरा आडोसा घेतला: ल्यूसी जन्माने हँक्स नव्हेच, ती शिपली घराण्याची लेक आणि एका हँक्सची विधवा; म्हणजे नॅन्सी पुन्हा औरस.

आता ल्यूसीचेच कागद पाहा. 1789 मध्ये केंटकीच्या मर्सर काउंटीत विवाहबाह्य संबंधाबद्दल तिच्यावर ठपका आला. 1790 मध्ये हेन्री स्पॅरोशी लग्नासाठी तिने आपल्या सहीने संमती लिहून दिली. बाईचा माग राहत नाही म्हणणाऱ्यांनी हे वाचावे.

ल्यूसी जन्माने हँक्स की शिपली, हे डीएनएवरून तपासता येते. पण नॅन्सीची मुलगी सारा 1828 मध्ये बाळंतपणात गेली, त्यामुळे आईकडून लेकीकडे जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए तिच्या पोटच्या शाखेत पुढे गेला नाही. म्हणून संशोधकांनी ल्यूसीच्या इतर लेकींचे आणि ल्यूसीच्या बहिणींचे मातृवंशज गाठले. 2015 मध्ये निकाल आला: दोन्हीकडे एकच, तीही दुर्मीळ, एक्स1सी शाखा. ल्यूसीचे माहेर हँक्सच.

यावर आक्षेप येईल की या चाचणीत आई आणि मावशी वेगळ्या दिसत नाहीत. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच लिंकनचे बोलणे आणि मर्सरचे कागद सोडून चालत नाही. तिन्ही एकत्र ठेवले की शिपली-पक्षाला जागा उरत नाही. मात्र त्या व्हर्जिनियाच्या जमीनदाराबद्दल ही चाचणी अवाक्षर बोलत नाही, बोलूही शकत नाही. तिच्या आधारे त्याचे नाव सांगणारा कुणी भेटला, तर त्याने मायटोकाँड्रियाचे काम समजून घेतलेले नाही.