पिझ्झाची कणीक

पिझ्झाची कणीक म्हणजे गव्हाचे पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एकत्र मळून व ठरावीक काळ फुगवून तयार केलेली, पिझ्झाचा तळ करण्यासाठी वापरली जाणारी कणीक होय. काही पद्धतींत तिच्यात ऑलिव्ह तेल किंवा अन्य खाद्यतेल आणि थोडी साखरही घालतात. महाराष्ट्रातील शहरांत घरी पिझ्झा करताना बाजारातून आणलेला तयार तळ वापरण्याची पद्धत रूढ आहे. तथापि ही कणीक घरच्या परातीत, कोणत्याही यंत्राविना मळता येते. तिचा दर्जा मुख्यतः पिठाची जात, पाण्याचे प्रमाण आणि फुगण्यासाठी दिलेला वेळ या तीन गोष्टींवर अवलंबून असतो. यांपैकी वेळ हा घटक विशेष महत्त्वाचा आहे. कारण पिठातील किंवा मळण्यातील उणीव पुष्कळ अंशी वेळाने भरून निघते.

शब्दार्थ

मराठीत ‘कणीक’ हा शब्द गव्हाचे पीठ आणि ते भिजवून मळलेला गोळा या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. प्रस्तुत लेखात तो दुसऱ्या अर्थाने योजिला आहे. मळलेल्या कणकेच्या मोठ्या गोळ्यास ‘उंडा’ असे म्हणतात. कणीक जोर लावून, कुटून व ताणून मऊ करण्याच्या क्रियेस ‘तिंबणे’ असा स्वतंत्र शब्द आहे.

इतिहास

‘पिझ्झा’ हा शब्द इटलीतील गाएता येथील इ.स. ९९७ च्या एका लॅटिन दस्तऐवजात आढळतो. आज परिचित असलेला पिझ्झा नेपल्स शहरात अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत आकारास आला. इ.स. २०१० मध्ये युरोपीय संघाने नेपल्सच्या पिझ्झाची पारंपरिक खाद्यपदार्थ म्हणून नोंदणी केली. त्या नोंदीत कणकेचे प्रमाणही दिले आहे : एक लिटर पाण्यास सुमारे १.८ किलो पीठ, ५० ते ५५ ग्रॅम मीठ आणि केवळ ३ ग्रॅम ताजे यीस्ट. इतक्या अल्प यीस्टवर कणीक दोन टप्प्यांत मिळून सहा ते आठ तास फुगविली जाते. इ.स. २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा कारागिरांच्या कलेचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

महाराष्ट्र व गोव्यातील समांतर परंपरा

यीस्टने फुगविलेली कणीक या भागात पोर्तुगीजांबरोबर आली. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ब्रेडवाचक शब्दावरून आला आहे. पायांनी मळतात म्हणून पाव, ही लोकप्रिय व्युत्पत्ती निराधार आहे. गोव्यातील पाव भाजणारे कारागीर, म्हणजे पोदेर, पूर्वी कणीक फुगविण्यासाठी माडाची सूर वापरीत. सुरेत नैसर्गिकरीत्या वाढणारे किण्व तेथे यीस्टचे काम करी.

कणीक ताणण्याचे कौशल्य मात्र महाराष्ट्रास त्याही आधीपासून अवगत आहे. खानदेशात आणि लगतच्या नाशिक जिल्ह्यात केले जाणारे खापरावरचे मांडे हे त्याचे ठळक उदाहरण होय. वस्त्रगाळ पिठाची कणीक भरपूर तिंबून, तिचा पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवीत मोठा केला जातो आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकला जातो. मुक्ताबाईंनी ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याच्या आख्यायिकेमुळे हा पदार्थ सर्वपरिचित आहे. मांड्याच्या कणकेत यीस्ट नसते. परंतु कणीक न फाटता ताणली जाण्याचे कारण मांड्यात व पिझ्झात एकच आहे. ते म्हणजे गव्हातील ग्लुटेन.

कणीक कशी फुगते

गव्हाच्या पिठात ग्लायाडिन व ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. पाणी मिळताच ती परस्परांशी जोडली जाऊन ग्लुटेनचे जाळे तयार होते. ग्लायाडिनमुळे कणीक ताणली जाते, तर ग्लुटेनिनमुळे ती ताणल्यावर पूर्वपदावर येऊ पाहते. मळण्याने हे जाळे बळकट होते. मात्र कणीक नुसती झाकून ठेवली, तरीही ते संथपणे आपोआप जुळत जाते.

यीस्ट ही सॅक्रोमायसेस सेरेव्हिसी नावाची एकपेशीय बुरशी आहे. ती पिठातील शर्करेचे विघटन करून कार्बन डायऑक्साइड वायू आणि अल्कोहोल निर्माण करते. वायू ग्लुटेनच्या जाळ्यात अडकल्याने कणीक फुगते. अल्कोहोल भाजताना उडून जाते. याच काळात तयार होणाऱ्या आम्लांमुळे व अन्य संयुगांमुळे पावास त्याची विशिष्ट चव व गंध लाभतो. खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर यांमुळेही वायू निर्माण होतो. परंतु ही रासायनिक क्रिया अल्पकाळात संपत असल्याने जाळे जुळण्यास अवधी मिळत नाही आणि आंबवणाची चवही येत नाही.

पीठ

पिझ्झासाठी सामान्यतः मैदा वापरतात. गव्हाचा कोंडा व अंकुर वेगळे करून उरलेल्या भागाचे ते बारीक पीठ असते. इटालियन पिठावरील ‘००’ ही खूण पीठ किती शुभ्र व परिष्कृत आहे हे दर्शविते. ते किती प्रथिनयुक्त आहे हे नव्हे. बाजारातील मैद्यात सामान्यतः ९ ते ११ टक्के प्रथिने असतात. पुडीवरील पोषणमूल्यांच्या तक्त्यात हा आकडा पाहता येतो. अधिक प्रथिने असलेला मैदा दीर्घकाळ फुगविण्यास योग्य असतो.

गिरणीवर दळलेल्या गव्हाच्या पिठात कोंडा असतो. त्याचे कण ग्लुटेनचे जाळे ठिकठिकाणी तोडतात. जात्याच्या दाबामुळे या पिठातील पिष्टमय कणही अधिक प्रमाणात भंगतात आणि म्हणून ते मैद्याहून अधिक पाणी शोषते. त्यामुळे मैद्यासाठी सांगितलेले पाण्याचे प्रमाण गव्हाच्या पिठास तसेच लागू केल्यास कणीक घट्ट व तळ चिवट होतो. निम्मा मैदा व निम्मे गव्हाचे पीठ हे मिश्रण घरगुती वापरास सोयीचे ठरते.

नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे. तेथे विकसित झालेल्या वाणांपैकी काहींना परिसरातीलच नावे दिली आहेत. ‘त्र्यंबक’ व ‘तपोवन’ हे सरबती गव्हाचे वाण आहेत. त्यांच्या पिठापासून चपाती व फुगणारी कणीक दोन्ही करता येतात. ‘पंचवटी’ व ‘गोदावरी’ हे बक्षी गव्हाचे वाण असून ते रवा, शेवया, कुरडया व पास्ता यांसाठी उपयुक्त आहेत. बक्षी गव्हात प्रथिने पुरेशी असली तरी त्याचे ग्लुटेन कमी लवचीक असते. म्हणून केवळ बक्षी गव्हाच्या पिठाची कणीक वायू नीट धरून ठेवीत नाही. खपली गव्हाचे ग्लुटेनही दुर्बळ असते. पिझ्झासाठी गहू दळून आणताना वाण विचारणे या कारणाने इष्ट ठरते.

प्रमाण

बेकरी व्यवसायात पिठाचे वजन १०० मानून इतर घटक त्याच्या टक्केवारीत मोजण्याची पद्धत आहे. सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाच्या दोन पिझ्झांसाठी पुढील प्रमाण घ्यावे :

* मैदा – ३०० ग्रॅम (१०० टक्के)
* पाणी – १८० ग्रॅम (६० टक्के)
* मीठ – ६ ग्रॅम (२ टक्के)
* तेल – ९ ते १० ग्रॅम (सुमारे ३ टक्के)
* कोरडे इन्स्टंट यीस्ट – त्याच दिवशी करावयाचे असल्यास ३ ग्रॅम. शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी करावयाचे असल्यास १ ग्रॅम

निम्मे गव्हाचे पीठ घेतल्यास पाणी १९५ ते २०० ग्रॅम लागते. चहाचा एक सपाट चमचा इन्स्टंट यीस्ट साधारण ३ ग्रॅम, तर तेवढेच बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम भरते. पीठ मात्र वाटीने न मोजता वजन करून घ्यावे. कारण दाबून भरलेल्या व सैल भरलेल्या वाटीत मोठा फरक पडतो.

कृती

*यीस्ट जागे करणे* : दाणेदार कोरडे यीस्ट सुमारे ३८ ते ४० अंश सेल्सियस तापमानाच्या, म्हणजे हातास जेमतेम कोमट लागेल अशा पाण्यात चिमूटभर साखरेसह दहा मिनिटे भिजवावे. त्यावर फेस न आल्यास ते निरुपयोगी समजावे. इन्स्टंट यीस्ट थेट पिठात मिसळता येते. उकळत्या किंवा फार गरम पाण्याने यीस्ट मरते.

*मळणे* : पीठ व यीस्ट एकत्र करून पाणी घालावे, पीठ नुसते ओले होईपर्यंत कालवावे आणि वीस मिनिटे झाकून ठेवावे. नंतर मीठ व तेल घालून आठ ते दहा मिनिटे मळावे. कणीक आरंभी चिकट लागते; त्या वेळी कोरडे पीठ घालीत जाण्याचा मोह टाळावा. चपातीच्या कणकेहून ही कणीक सैलच असावी लागते. लहानसा तुकडा बोटांनी हळूहळू ताणल्यास तो न फाटता पारदर्शक पडद्यासारखा झाला, म्हणजे मळणे पुरेसे झाले असे समजावे.

*पहिली फुगवण* : तेलाचा हात लावलेल्या भांड्यात कणीक ठेवून ओल्या फडक्याने झाकावी आणि ती आकारमानाने दुप्पट होऊ द्यावी. किती वेळ लागेल हे तापमानावर अवलंबून असल्याने घड्याळापेक्षा आकारमानाकडे पाहावे.

*गोळे करणे* : कणकेचे दोन समान भाग करून, कडा खाली दुमडत घट्ट गोळे वळावेत व अर्धा ते एक तास झाकून ठेवावेत. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश व अर्धवट भरून आला, तर गोळा थापण्यास सिद्ध झाला असे समजतात.

*थापणे* : गोळा मध्यापासून कडेकडे बोटांनी थापावा, कड न दाबता फुगीर ठेवावी. लाटण्याने लाटल्यास वायू निघून जातो व तळ पापुद्र्यासारखा कडक होतो. कणीक मागे आखडत असल्यास बळजबरी न करता दहा मिनिटे थांबावे. ग्लुटेन सैलावते व ती सहज पसरते.

*भाजणे* : नेपल्समधील लाकडी भट्टीत पिझ्झा सुमारे ४८५ अंश सेल्सियस तापमानास ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो. घरगुती भट्टीत २३० ते २५० अंशांवर पूर्वतापित तव्यावर किंवा पत्र्यावर ८ ते १२ मिनिटे लागतात. भट्टी नसल्यास बिडाच्या जाड तव्यावर तळ एका बाजूने दोन-तीन मिनिटे भाजून उलटावा, भाजलेल्या बाजूवर सॉस, चीज आदी पसरावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर पाच ते सात मिनिटे ठेवावा.

हवामानाचा परिणाम

परदेशी पाककृतींतील वेळ साधारणतः २० ते २५ अंश सेल्सियस तापमान गृहीत धरून दिलेले असतात. नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास जाते. तर निफाड परिसर डिसेंबर-जानेवारीतील कडाक्याच्या थंडीसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात ३३ ते ३५ अंशांवर कणीक ४५ मिनिटांतच दुप्पट होऊ शकते. अशा वेळी माठातील किंवा शीतकपाटातील पाणी वापरावे आणि यीस्ट निम्मे करावे. हिवाळ्यात त्याच कणकेस तीन तास किंवा अधिक अवधी लागतो. तेव्हा बंद भट्टीत गरम पाण्याचे भांडे व त्याशेजारी कणीक ठेवल्यास फुगवण सुधारते. शीतकपाटात ४ ते ५ अंशांवर कणीक २४ ते ४८ तास राहू दिल्यास कमी यीस्टमध्ये व कमी मळण्यात उत्तम चव मिळते. थापण्यापूर्वी ती एक ते दोन तास बाहेर काढून ठेवावी.

दोष व कारणे

* कणीक फुगली नाही – यीस्ट जुने, पाणी फार गरम किंवा जागा थंड.
* आंबट वास येऊन कणीक पसरली – प्रमाणाबाहेर फुगवण. अशी कणीक पुन्हा उभारी धरत नाही. तिचा तव्यावर पातळ पाव भाजता येतो.
* तळ चिवट – पाणी कमी, किंवा भट्टी पुरेशी तापलेली नाही.
* मध्यभाग कच्चा – सॉस व भाज्यांतील पाणी अधिक, किंवा तळ मध्यभागी जाड.

पीठ-सुधारके आणि आरोग्य

कारखान्यात दीर्घकाळ फुगविणे खर्चिक असल्याने ग्लुटेन अल्पकाळात बळकट करणारी रसायने पिठात मिसळली जात. पोटॅशियम ब्रोमेट हे त्यांपैकी एक होय. प्रमाण अधिक असल्यास किंवा पाव अपुरा भाजल्यास त्याचे अंश पदार्थात उरतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवात कर्करोगास संभाव्यतः कारणीभूत ठरणाऱ्या द्रव्यांच्या गटात ठेवले आहे. युनायटेड किंग्डममध्ये १९९० पासून त्यावर बंदी आहे. मे २०१६ मध्ये दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने ब्रेड, पाव, बन, बर्गर व पिझ्झाचे तळ यांच्या ३८ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा पोटॅशियम आयोडेट यांचे अंश आढळले. त्यानंतर जून २०१६ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने पोटॅशियम ब्रोमेटला अनुमत पदार्थांच्या यादीतून वगळले. जे काम हे रसायन काही मिनिटांत करते, ते घरच्या कणकेत रात्रभराची विश्रांती करते. म्हणून घरगुती कृतीत कोणत्याही सुधारकाची गरज भासत नाही. तयार तळ विकत घेताना वेष्टनावरील घटकांची यादी व अंतिम दिनांक पाहणे उचित ठरते.

गव्हातील ग्लुटेनमुळे सीलिअ‍ॅक रोग असलेल्या व्यक्तींना ही कणीक वर्ज्य आहे; गव्हाचे पीठ, मैदा व खपली या तिन्हींना हे सारखेच लागू होते. मैद्याच्या तळात तंतुमय पदार्थ अत्यल्प असतात. गव्हाचे पीठ मिसळल्यास ते वाढतात. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकत असल्याने न भाजलेली कणीक चाखू नये व लहान मुलांना खेळण्यास देऊ नये.

हे सुद्धा पहा

* पाव
* मांडे
* गहू
* ग्लुटेन
* किण्वन