व्हॉल्व्ह ध्वनिवर्धकांची पुनर्स्थापना : विद्युतदाब-मापनाचे ऐतिहासिक मूल्य

प्रस्तावना

विसाव्या शतकातील सार्वजनिक जीवनाचा इतिहास प्रामुख्याने भाषणे, वृत्तपत्रे व पत्रव्यवहार यांच्या आधारे लिहिला गेला आहे. ती भाषणे सभेच्या शेवटच्या रांगेपर्यंत नेणारा व्हॉल्व्ह ध्वनिवर्धक मात्र इतिहासाचे साधन म्हणून दुर्लक्षित राहिला. जुना ध्वनिवर्धक पुन्हा चालू करताना त्यातील पुरावा नष्ट होण्याचा धोका असतो. या दृष्टीने विद्युतदाब व बायस यांच्या तपासणीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९०९ मध्ये सिंधमधील सक्कर येथे सुरू झालेला मोटवाने कुटुंबाचा व्यवसाय पुढे मुंबईत आला व ‘शिकागो रेडिओ’ या नावाने ख्यातनाम झाला. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपण व्यवस्था पुरविण्याचे कार्य नानिक मोटवाने यांनी केले. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओ खटल्यात ते आरोपी होते. पुढे ते निर्दोष सुटले. १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्याच वर्षी अमेरिकेत आर.सी.ए. कंपनीने ‘६एल६’ हा शक्तिशाली व्हॉल्व्ह बाजारात आणला. सभांच्या ध्वनिवर्धकांप्रमाणेच फेंडर बासमनसारख्या गिटार-ध्वनिवर्धकांतही पुढे याच कुळातील व्हॉल्व्ह वापरले गेले.

एकच क्रमांक, भिन्न मर्यादा

मूळ ६एल६ साठी प्लेटवरील कमाल दाब ३६० व्होल्ट व उष्णताव्यय १९ वॉट होता. त्याच्या ‘६एल६जीसी’ या नंतरच्या प्रकारात उष्णताव्ययाची मर्यादा ३० वॉटपर्यंत वाढली. बायस म्हणजे कॅथोडच्या तुलनेने ग्रीडवर ठेवलेला ऋण दाब. ध्वनी नसताना वाहणारा प्रवाह तो ठरवितो. नव्या मर्यादेच्या सत्तर टक्के, म्हणजे २१ वॉट, धरून बायस लावल्यास मूळ व्हॉल्व्ह आपली मर्यादा ओलांडतो.

उदाहरणादाखल, दोन व्हॉल्व्हच्या सामाईक २५० ओहम कॅथोड-रोधावर २२ व्होल्ट आढळल्यास एकूण प्रवाह ८८ मिलिअँपिअर, म्हणजे प्रत्येकी ४४ मिलिअँपिअर होतो. प्लेटवर ३५० व्होल्ट असल्यास कॅथोडच्या तुलनेत ३२८ व्होल्ट उरतात व व्यय सुमारे १४.४ वॉट येतो. यात स्क्रीन-ग्रीडचा प्रवाहही समाविष्ट असल्याने प्लेटचा प्रत्यक्ष व्यय किंचित कमी असतो. परंतु ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टच्या जोडणीवर असून पुरवठा २४० व्होल्ट असेल, तर ३५० चे सुमारे ३८२ व्होल्ट होतात. म्हणजेच जुन्या यंत्राचा बिघाड कित्येकदा यंत्रात नसून बदललेल्या पुरवठ्यात असतो.

तपासणीचा क्रम

पुरवठा खंडित करून धारित्रांतील साठलेला विद्युतभार योग्य रोधकाद्वारे उतरविणे व तो उतरल्याची मापकाने खात्री करणे ही पहिली पायरी होय. हा भार प्राणघातक ठरू शकतो. त्यानंतर काहीही बदलण्यापूर्वी जोडणी, व्हॉल्व्हचे क्रमांक व रोधकांची मूल्ये नोंदवावीत. गळती असलेली धारित्रे बदलल्यावरच पुरवठा हळूहळू वाढवावा. स्वतंत्र ऋण बायस असलेल्या यंत्रात तो दाब उपलब्ध असल्याची खात्री झाल्यावरच शक्ति-व्हॉल्व्ह बसवावेत. शेवटी प्लेट, स्क्रीन व कॅथोड यांवरील दाब पुरवठ्याच्या दाबासह लिहावेत. पुरवठ्याचा उल्लेख नसलेली नोंद तुलनेस निरुपयोगी ठरते.

निष्कर्ष

काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जतन केल्यास पुनर्स्थापित यंत्र आवाजही देते आणि साक्षही. २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या वाघोलीसारख्या परिसरातील महाविद्यालयांत भौतिकशास्त्र व इतिहास या विभागांना असे कार्य संयुक्तपणे हाती घेता येईल. नोंदीविना झालेली दुरुस्ती यंत्र वाचविते, पण त्याचा इतिहास गमावते.