ब्रिजटाउनचे रक्तदान : नरी कॉन्ट्रॅक्टर आणि फ्रँक वॉरेल

क्रिकेटच्या इतिहासात प्रतिस्पर्धी संघांमधील सौहार्दाचे दाखले पुष्कळ आहेत. मात्र एका संघाच्या कर्णधाराने दुसऱ्या संघाच्या कर्णधाराचे प्राण वाचविण्यासाठी स्वतःचे रक्त दिल्याचे उदाहरण विरळाच. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन येथे भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू आदळून ते मरणाच्या दारात पोहोचले, तेव्हा रक्त देण्यास पुढे आलेल्यांमध्ये अग्रभागी होते वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल. त्या घटनेची स्मृती कोलकात्यात आजही रक्तदानाच्या रूपाने जपली जाते.

दौऱ्याची पार्श्वभूमी

गुजरातमधील गोध्रा येथे ७ मार्च १९३४ रोजी जन्मलेले कॉन्ट्रॅक्टर हे डावखुरे सलामीचे फलंदाज. १९५२-५३ च्या हंगामात गुजरातकडून प्रथम श्रेणीत पदार्पण करताना पहिल्याच सामन्यातील दोन्ही डावांत त्यांनी शतके झळकावली. १९५९ मध्ये लॉर्ड्स कसोटीत ब्रायन स्टॅथम यांच्या चेंडूने त्यांच्या बरगड्यांना जबर दुखापत झाली. तशाही अवस्थेत खेळपट्टीवर उभे राहून त्यांनी ८१ धावा केल्या. जिद्दी फलंदाज म्हणून त्यांची ओळख पक्की झाली ती या खेळीमुळे.

१९६१-६२ च्या मोसमात त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने मायदेशात इंग्लंडविरुद्धची पाच कसोटींची मालिका २-० अशी जिंकली. इंग्लंडविरुद्ध भारताचा हा पहिलाच मालिकाविजय होता. त्यानंतर जेमतेम महिनाभरात संघ कॅरिबियन बेटांवर कसोटी खेळण्यास उतरला. पोर्ट ऑफ स्पेन आणि किंग्स्टन येथील पहिल्या दोन्ही कसोटी भारताने गमावल्या. तिसऱ्या कसोटीपूर्वी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर बार्बाडोस संघाशी दौऱ्यातील सामना ठरलेला होता.

१७ मार्च १९६२

बार्बाडोसच्या संघात चार्ली ग्रिफिथ हा धिप्पाड, अतिशय वेगवान गोलंदाज होता. त्याची हाताची ठेवण संशयास्पद असल्याची चर्चा तेव्हा सुरू झाली होती. दुसऱ्या टोकाला असलेल्या रुसी सुरती यांनी, ग्रिफिथ चेंडू फेकतो आहे, असे आपल्या कर्णधाराला मैदानावरच बजावले होते. याच सामन्यात पंच कॉर्टेझ जॉर्डन यांनी ग्रिफिथचा चेंडू फेकीसाठी नो-बॉल ठरवला.

ग्रिफिथच्या दुसऱ्या षटकातील एक चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या उजव्या कानाच्या वरच्या बाजूस आदळला. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटत असताना तंबूतील एक खिडकी कोणीतरी उघडली आणि तेवढ्याने आपले लक्ष विचलित झाले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्या काळी फलंदाजाच्या डोक्यावर कापडी टोपीखेरीज दुसरे संरक्षण नसे. कवटीला तडा गेला, नाका-कानांतून रक्त येऊ लागले आणि काही वेळातच त्यांची प्रकृती चिंताजनक झाली.

कवटीच्या आत साकळलेले रक्त मेंदूवर दाब आणते. हा दाब वेळीच कमी केला नाही, तर रुग्ण दगावतो किंवा त्याला कायमचे अपंगत्व येते. बेटावर मेंदूशल्यविशारद नसल्याने पहिली तातडीची शस्त्रक्रिया तेथील उपलब्ध शल्यविशारदाने केली. त्यानंतर त्रिनिदादहून आलेल्या तज्ज्ञाने दुसरी शस्त्रक्रिया केली. या काळात रक्ताची निकड होती.

रक्तदाते

रक्त देणाऱ्यांत वॉरेल यांच्याबरोबर चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर हे भारतीय खेळाडू होते. दौऱ्याचे वृत्तांकन करणारे क्रीडापत्रकार के. एन. प्रभू हेही त्यांत होते. यांतील तिघा खेळाडूंचे महाराष्ट्राशी जवळचे नाते आहे. बोर्डे पुण्याचे, नाडकर्णी मूळचे नाशिकचे, तर उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा.

सहकाऱ्यांनी रक्त द्यावे हे स्वाभाविक होते. वॉरेल यांची गोष्ट वेगळी होती. काही दिवसांतच त्यांना याच भारतीय संघाविरुद्ध तिसरी कसोटी खेळायची होती. शिवाय ज्या गोलंदाजाचा चेंडू लागला, तोही त्यांच्याच बेटाचा. फेकीच्या आरोपावरून दोन्ही संघांत कटुता निर्माण होणे सहज शक्य होते. वॉरेल यांच्या कृतीने ती वेळ टळली. कॉन्ट्रॅक्टर यांनीही ग्रिफिथला कधी दोष दिला नाही, आपलीच एकाग्रता ढळली, असेच ते सांगत राहिले.

वॉरेल यांना भारत परका नव्हता. १९४९-५० मध्ये राष्ट्रकुल संघातून भारतात आले असता त्यांनी कानपूरला नाबाद २२३ धावांची खेळी केली होती. संपूर्ण मालिकेसाठी वेस्ट इंडिजचे कर्णधारपद लाभलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. वेगवेगळ्या बेटांच्या खेळाडूंना एका संघात बांधणारा नेता म्हणून त्यांचा लौकिक होता.

कर्णधाराविना संघ

कॉन्ट्रॅक्टर सहा दिवस बेशुद्ध होते. ते रुग्णशय्येवर असतानाच २३ मार्च रोजी त्याच मैदानावर तिसरी कसोटी सुरू झाली आणि उपकर्णधार मन्सूर अली खान पतौडी यांच्यावर नेतृत्वाची धुरा आली. त्यांचे वय होते २१ वर्षे ७७ दिवस. इतक्या लहान वयात कसोटी संघाचे नेतृत्व करण्याचा त्यांचा विक्रम पुढे २००४ पर्यंत अबाधित राहिला.

भारताने ही मालिका ०-५ अशी गमावली. तरीही संघातील खेळाडूंची जिद्द खचली नाही. बार्बाडोसविरुद्धच्या त्याच सामन्यात विजय मांजरेकर यांनाही ग्रिफिथचा चेंडू नाकावर लागला, पण दुसऱ्या डावात ते पुन्हा उतरले आणि त्यांनी नाबाद शतक केले. पोर्ट ऑफ स्पेनच्या चौथ्या कसोटीत उम्रीगर यांनी ५६ व नाबाद १७२ धावा केल्या आणि पहिल्या डावात पाच बळीही मिळवले.

पुनरागमन

मायदेशी परतल्यावर त्याच वर्षी वेल्लोर येथे शस्त्रक्रिया करून कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीत धातूची पट्टी बसविण्यात आली. त्यानंतर क्रिकेट सोडावे, असे कोणालाही वाटले असते. कॉन्ट्रॅक्टर मात्र पुन्हा मैदानात उतरले आणि १९७०-७१ पर्यंत प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले. भारताकडून खेळण्याची संधी मात्र त्यांना पुन्हा मिळाली नाही. ३१ कसोटींत १६११ धावांवर त्यांची कारकीर्द थांबली, तेव्हा ते केवळ २८ वर्षांचे होते. डोक्यातील ती पट्टी तब्बल साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबईत शस्त्रक्रिया करून काढण्यात आली.

फलंदाजाच्या डोक्याच्या संरक्षणाचा प्रश्न सुटायला आणखी बराच काळ जावा लागला. कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट घातले ते ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलप यांनी. मैदान तेच ब्रिजटाउनचे आणि तारीखही तीच, १७ मार्च. वर्ष होते १९७८, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर यांच्या अपघाताला बरोबर सोळा वर्षे झाली होती.

ईडन गार्डन्सची परंपरा

वॉरेल यांना १९६४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. १३ मार्च १९६७ रोजी रक्ताच्या कर्करोगाने किंग्स्टन येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४२ होते. परदेशी खेळाडूच्या शरीरात आपले रक्त देणाऱ्या या माणसाला रक्ताच्याच विकाराने ओढून न्यावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

बंगाल क्रिकेट संघटनेने १९८१ पासून ३ फेब्रुवारी हा ‘सर फ्रँक वॉरेल दिन’ म्हणून पाळण्यास सुरुवात केली. या दिवशी ईडन गार्डन्सवर रक्तदान शिबिर भरते आणि रक्तदात्यांना नामवंत क्रिकेटपटूची स्वाक्षरी असलेले प्रमाणपत्र दिले जाते. वॉरेल यांनी रक्त दिले ते नाव-गाव माहीत असलेल्या एका प्रतिस्पर्ध्याला. ईडन गार्डन्सवर जमणाऱ्या क्रिकेटप्रेमींचे रक्त कोणाच्या उपयोगी पडणार, हे त्यांना कधीच कळत नाही. ब्रिजटाउनच्या रुग्णालयातील ऋण भारतीय क्रिकेटरसिक असे अनोळखी रुग्णांच्या हवाली करीत आले आहेत.